आबांचा अर्धा पिक्चर

आजोबा होणं ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर घटना आहे, असं माझे सासरे सांगत आले आहेत. ती घटना त्यांच्या आयुष्यात घडली तेव्हा ते धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये, बाल्कनीत बसून, भाजलेल्या शेंगा खात होते.

त्याला कारण माझी आई. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी धुळ्यात होते. आबा, म्हणजे सासरे, शिरपूरकडच्या गावातून कापूस घेऊन मार्केटला आले होते. परत जाताना सुनेची चौकशी करावी म्हणून दवाखान्यात डोकावले, तर माझ्या कळा सुरू झालेल्या. अशा वेळी खोलीबाहेर सासऱ्याने नेमकं काय करायचं, याचा आमच्याकडे काही रिवाज नाही. ते व्हरांड्यात उभे राहिले. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. शेवटी आई बाहेर येऊन म्हणाली, "आबा, अजून बराच वेळ आहे. टॉकीजला पिक्चर लागलाय, तो बघून या." विहिणीचा शब्द मोडायचा नाही, हा रिवाज मात्र आमच्याकडे पक्का आहे. ते गेले.

मॅटिनीला जुना कौटुंबिक विनोदी पिक्चर होता. त्यात एक कापडदुकानदार असतो. लेकीला दिवस गेल्याचं कळल्यावर सगळं घर पेढे वाटतं आणि हा एकटा आरशासमोर जाऊन मिशीला कलप लावतो. आजोबा होण्याइतकं आपलं वय झालेलं नाही, असं त्याचं म्हणणं. मग हळूहळू तो विरघळतो. बाळ उचलायची सवय व्हावी म्हणून दुपट्यात लाल भोपळा गुंडाळून घरभर फिरतो आणि तो भोपळा व्याह्याच्या पायावर पाडतो. शेवटी लेकीला दवाखान्यात नेतात. दाराबाहेर हा येरझाऱ्या घालतोय, दारावर दिवा, दार उघडायला लागतं, आणि तेवढ्यात पडद्यावर आबांचंच नाव आलं. त्या काळी टॉकीजमध्ये कुणाला तातडीने बोलवायचं असलं की काचेच्या पाटीवर नाव लिहून ती पडद्यावर दाखवत. माझे वडील सायकल मारत गेले होते आणि त्यांनी मॅनेजरकडून ती पाटी लिहून घेतली होती. आबा शेंगांचा पुडा हातात घेऊन उठले. मांडीवरची टरफलं पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या अंगावर पडली. त्या गृहस्थांनी काय म्हटलं, तेही आबा दरवेळी सांगतात. ते इथे लिहिता येणार नाही.

ते दवाखान्यात पोचले तेव्हा माझी मुलगी जगात आलेली होती आणि ते आजोबा झालेले होते.

त्यानंतर इतकी वर्षं तो पिक्चर आमच्या घरात नांदतो आहे. दिवाळीला, लग्नात, पाहुणे आले की, वीज गेली की आबा तो सांगत. आम्ही कुणीही तो पाहिलेला नव्हता आणि आम्हा सगळ्यांना तो पाठ होता, अर्धा. पुढे काय झालं, असं कुणी नवख्याने विचारलं की आबा माझ्या मुलीकडे बोट दाखवून म्हणत, "पुढे हाई उनी." पुढे ही आली. नवखा हसायचा. आम्ही ताटं घ्यायला उठायचो.

मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. समारंभांच्या बाबतीत माझं मन कोरडं आहे. नारळ, शाल, दोन शब्द, चार शब्द हे सगळं मी शाळेत इतकं पाहिलं, की घरात तरी ते नको असं वाटतं. नवऱ्याचं उलट आहे. त्याचं जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे आणि नवा माल आला तरी तो फीत कापतो. मुलगी बाळंतपणासाठी पुण्याहून आमच्याकडे आली, तेव्हा त्याने डोहाळजेवणाला थर्माकोलचा चंद्र आणवला होता. सातव्या महिन्यातल्या बाईला त्या चंद्रावर बसवण्यात काय शहाणपण, हे मी विचारलं. चंद्र फक्त मागे ठेवायचा आहे, असं मला समजावण्यात आलं.

त्याच समारंभात नवऱ्याने जाहीर केलं, की पणजोबांवर सोन्याची फुलं उधळायची. चौथ्या पिढीचं तोंड पाहिलं की पाहणाऱ्यावर सोन्याची फुलं उधळतात, ही आपल्याकडची जुनी पद्धत. जळगावात सोनारांची उणीव नाही. त्याने फुलांची ऑर्डरही दिली होती.

अडचण एकच होती. तोंड पाहण्याचा भाग.

आबांना काचबिंदू झाला होता. गावी एकटे राहणं जमेना म्हणून आम्ही त्यांना जळगावला आणलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की गेलेली नजर परत येणार नाही. कडेची सगळी गेली आहे. मधोमध थोडी शिल्लक आहे, पुंगळीतून पाहावं तेवढी. औषधाचे थेंब वेळच्या वेळी टाका. तीही जाईल का? जाऊ शकते. कधी? ते सांगता येत नाही.

 घरी येऊन रिक्षातून दारात उतरल्यावर आबांनी मला विचारलं, "बाळंतपण कवळ शे?"

"मार्गशीर्षात, आबा."

त्यांनी मान हलवली, आत जाऊन खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, थकले. संध्याकाळी डोळे मिटलेलेच. जेवताना मिटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावत न्हाणीकडे निघालेले पाहिले, तेव्हा मी घाबरले.

"आबा, दिसत नाहीये का?"

"दिसस."

"मग डोळे का मिटलेत?"

"तू सांग," ते म्हणाले. "टाकीमा पानी कमी व्हयनं तं तू तोटी बंद करस का चालू ठेवस?"

या प्रश्नाचं आमच्या गावात एकच उत्तर आहे. नळाला पाणी दिवसाआड आलं तर ती चैन समजावी, असे आम्ही लोक. ज्या माणसाने आयुष्यभर विहिरीत दोर सोडून पाणी मोजलं, पपईच्या बागेला एकेक थेंब पुरवून पुरवून दिला, त्याला आपली उरलेली नजर हे साठवलेलं पाणी वाटलं, यात नवल नव्हतं. तरी मी शिक्षिका. डोळा म्हणजे टाकी नव्हे, वापरल्याने नजर संपत नाही आणि न वापरल्याने ती उरत नाही, हे मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"मंग डागदरले कसं माहीत नही, कवळ संपी ते?"

मी औषधाची बाटली उचलून पुन्हा जागेवर ठेवली. 

"पहिले तोंड देखसू," आबा म्हणाले. "मंग बाकीनं."

घर मग त्या मिटलेल्या डोळ्यांभोवती फिरू लागलं. आम्ही खुर्च्या जागच्या हलवेनासे झालो. मी रोज पेपर वाचून दाखवू लागले. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती सोडून द्यायचे, तर त्याही त्यांना हव्या असत. "फोटोमा टोपी शे का?" असं विचारत. थेंब टाकताना ते मान मागे टाकून बसत, मी डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब सोडला की पापणी जराशी किलकिली करत आणि लगेच मिटत. तेवढ्यात काय दिसलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "औषध."

नवऱ्याला हे सगळं थोर वाटे. तो गिऱ्हाइकांना सांगे, "आमचे आबा पणतवंडासाठी नजर राखून राहिले आहेत." ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई आणि नळ्यांवर सूट मागायची ते विसरून जात. मला मात्र एक गोष्ट पोखरत होती. ती मी कुणाला बोलले नाही. टाकीचं झाकण लावून ठेवलं की आत पाणी आहे की आटलं, हे कळत नाही. आबा डोळे उघडून पाहतच नव्हते. ज्या दिवशी उघडतील त्या दिवशी समोर नुसता अंधार असला तर? मी डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ म्हणून आग्रह धरला. तिथे यंत्रात डोळा लावून ठिपके ओळखायला लावतात. आबा म्हणाले, "ठिपका देखीसन काय करू?"

एकट्या माझ्या मुलीने त्यांना काही समजावलं नाही. ती पोटावर हात ठेवून त्यांच्या शेजारी बसून राही आणि दोघं रेडिओ ऐकत.

मार्गशीर्ष लागला. बाजारात भरताची वांगी आली, गल्लीत संध्याकाळी काड्यांच्या आगीचा वास येऊ लागला. एका दुपारी नवरा दुकानातून लवकर घरी आला, तो मोबाईल उंच धरूनच.

"सापडला! आबांचा पिक्चर. कुणीतरी अख्खा चढवलाय."

त्याने तो टीव्हीला जोडला. आबांना सोफ्याच्या मधोमध बसवलं. "आबा, बघा आता. इतक्या वर्षांनी."

"मी नही देखाव."

"अहो, तुमचाच पिक्चर!"

"डोळा नही उघडाव ना भो. सांगेल शे एकदाव."

नवऱ्याचा चेहरा उतरला. तेव्हा मुलगी म्हणाली, "आबा, मी सांगते काय दिसतंय ते. तुम्ही ऐका."

आबांनी जरा विचार केला. ऐकायला काही खर्च नव्हता. "सांग मंग."

पिक्चर सुरू झाला. चित्र पावसात भिजल्यासारखं, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मुलगी सांगू लागली. "दुकान आहे. खूप कापडं. एक जाड माणूस गादीवर बसलाय."

"जाडा नही. पोट शे फक्त."

"बरं, पोट आहे. आता घरी आलाय. सगळे पेढे खातायत. हा आरशासमोर गेला. डबी उघडली. मिशीला कलप लावतोय."

"एकच बाजूले."

"हो! एकच बाजू झाली आणि..."

"आते घंटी वाजस."

घंटी वाजली. मुलगी हसायला लागली, पोट धरून हसली. ती सांगायच्या आधी आबा सांगत आणि आबांनी सांगितलेलं पडद्यावर घडत होतं. मिटलेल्या डोळ्यांचा म्हातारा उघड्या डोळ्यांच्या आम्हाला पिक्चर दाखवत होता. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, की यातलं निम्मं त्यांनी मनचं घातलं असणार. व्याह्याच्या पायातला जोडा कोणत्या रंगाचा, हेही बरोबर निघालं. म्हणजे पिक्चर काळापांढराच होता, पण जोडा पांढरा होता.

भोपळा पडला तेव्हा मुलगी हसता हसता थांबली. "आई," ती म्हणाली, "बंद कर ते."

मला वाटलं हसण्याने उसण भरली. मग तिचा चेहरा पाहिला.

आबा उठून उभे राहिले होते. डोळे मिटलेलेच. "बंद करा रे पिक्चर," ते म्हणाले. "माले माहीत शे. आते नावनी पाटी येस."

दवाखान्यात या वेळी त्यांना कुणी कुठे पाठवलं नाही. बाकावर बसून होते, टोपी मांडीवर ठेवून. लोक येत-जात त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत. एक बाई मला हळूच म्हणाली, "किती शांत झोपलेत बाबा." दिवे लागायच्या सुमाराला नर्सने बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी रडले. ते मी लिहिणार नव्हते, पण नवऱ्याने सगळ्यांना सांगूनच ठेवलं आहे. आबा म्हणाले, "आते नको. दिवा लावेल शे. सकायना उजेडमा देखसू."

म्हणून सकाळी. पूर्वेच्या खिडकीची खोली होती. पाचोऱ्याहून पहिल्या गाडीने आबांची बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणतात. आल्या आल्या तिने नवऱ्याच्या हातातली मखमली डबी पाहिली.

"काय रे हाई?"

"सोन्याची फुलं, आक्का."

"आंडेर व्हयनी ना? मंग फुलं कशानी? पोऱ्याना पोऱ्याना पोऱ्या व्हयना तं फुलं उधळतस. हाई तं पोऱ्यानी आंडेरनी आंडेर!"

मुलाच्या मुलीची मुलगी. मला हे नातं मनात मांडून पाहायला थोडा वेळ लागला. नवरा डबी उघडू की मिटू अशा अवस्थेत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "आक्का, मन्हा डोळास्ले हाई माहीत नही."

आक्का पदर सावरत पलंगाच्या पायथ्याशी सरकली. 

आबांनी हात धुतले. तोंड धुतलं, टॉवेलने पापण्या हलकेच टिपल्या. टोपी नीट केली. मुलीने पलंगावरून बाळ माझ्या हातात दिलं. डॉक्टर म्हणाले होते मधोमध आहे, पुंगळीएवढी, म्हणून मी बाळाला त्यांच्या अगदी समोर, वीतभर अंतरावर धरलं.  शाळेत पृथ्वीचा गोल मी अख्खा तास असाच धरून उभी राहत असे.

"कोठे शे?"

"समोर, आबा. अगदी समोर."

"बठ्ठा बाजूले व्हा. उजेड येऊ द्या."

सगळे भिंतीला लागले. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं, ते थांबलं. आणि आबांनी डोळे उघडले.

आधी पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, वाहू दिलं. बुबुळं हलली, इकडे गेली, तिकडे गेली, काही शोधत असल्यासारखी. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यावर काहीच उमटत नव्हतं. माझ्या मनात आलं, संपलं. टाकी कोरडी निघाली. आता हा माणूस काही तरी गोड बोलेल, मोठं गोड आहे हो म्हणेल, आपण सगळे होय म्हणू आणि मरेपर्यंत कुणी त्यावर बोलणार नाही.

मग बुबुळं थांबली. आबा जरा पुढे वाकले. खूप वेळ तसेच राहिले. एका बाजूने दुसऱ्या बाजूला, एकेक करून, शेतात पेर उगवली का हे पाहत चालावं तसे ते त्या चेहऱ्यावरून जात होते. कपाळ, भुवई, नाक. गाल. मग कान.

"हिना कानजोगे बारीक भोक शे," ते म्हणाले.

"कुठे?" मी म्हणाले.

त्यांनी बोट नेलं, टेकवलं नाही. डाव्या कानाच्या पुढे, जिथे कान गालाला मिळतो तिथे, सुईने टोचल्याएवढी खूण होती. कालपासून ते बाळ मी हातात घेत होते. माझ्या मुलीने घेतलं होतं, नर्सने पुसलं होतं, डॉक्टरांनी तपासलं होतं, जावयाने पुण्याहून व्हिडिओवर डोळे भरून पाहिलं होतं. आमच्या कुणालाही ती दिसली नव्हती.

"तुनी सासूले बी व्हतं," आबा मला म्हणाले. "आठेच." इथेच.

माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात त्यांचा एकच फोटो आहे, समोरून काढलेला, डोक्यावर पदर कानांवरून घेतलेला. ती खूण त्या फोटोत नाही. ती जगात फक्त एका ठिकाणी राहिली होती, आबांच्या आठवणीत. नवऱ्याने नकळत आपल्या कानाला हात लावला. तिथे काही नव्हतं. माझ्या मुलीने आपल्या कानाला लावला. तिथेही नव्हतं. दोन पिढ्या ओलांडून ते टोचलं गेलं होतं, त्याच जागी, आणि ते ओळखू शकणारे जगातले शेवटचे डोळे इतके दिवस मिटून बसले होते. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की लाखो वर्षांपूर्वीच्या खुणा खडकात सापडतात. त्यातलं आश्चर्य मला त्या सकाळी कळलं.

 आक्कानेच नवऱ्याला कोपराने ढोसलं. "उधळ ना रे आते. काय देखी राहिना?"

फुलं उधळली गेली. दवाखान्यात काही उधळायचं नाही असं नर्स म्हणाली, तोवर ती आबांच्या टोपीवरून, खांद्यावरून घरंगळून पलंगाखाली गेली होती. नवरा गुडघ्यांवर बसून ती शोधू लागला. आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते बाळाकडे पाहत होते. बाळ मात्र या सगळ्या वेळात डोळे मिटून होतं.

घरी आल्यावर आबांचे डोळे उघडेच राहिले. डॉक्टरांनी पुढे तपासलं, तेव्हा नजर होती तेवढीच होती. ती मिटून ठेवल्यामुळे उरली नव्हती, हे मी आबांना सांगितलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.

बारशाच्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आबा स्वतःच म्हणाले, "लाव रे तो पिक्चर. आते उरेल शे ते वापरू." नवऱ्याने खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ठेवली, आबांच्या मानेमागे उशी दिली आणि दिवे मालवले. इतक्या वर्षांनी आपण शेवट पाहणार आहोत, यावर तो दोन शब्द बोलला. मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली. आक्का चष्मा पुसून बसली. मीही बसले, आणि खरं सांगायचं तर श्वास रोखून बसले.

कलप लागला. घंटी वाजली. भोपळा पडला. दवाखाना आला, येरझाऱ्या झाल्या, दिवा लागला. दार उघडायला लागलं. या वेळी पाटी आली नाही. दार अर्धं उघडलं आणि पडद्यावर ठळक अक्षरांत शब्द उमटला: मध्यंतर. मग पडदा काळा झाला आणि वांगी कशी भाजावीत, याचा दुसराच व्हिडिओ सुरू झाला.

नवऱ्याने मोबाईल खालीवर केला. नाव पुन्हा वाचलं. पुन्हा शोधलं.

"हाऊ तं मी देखेल शे," आबा म्हणाले.

पिक्चरच्या नावापुढे 'भाग पहिला' असं लिहिलेलं आहे. दुसरा भाग कुणी चढवलेला नाही. खाली एकाने तीन वर्षांपूर्वी विचारलं आहे, पुढचा भाग कधी. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.